उकिरडा ते ट्रेंचिंग ग्राउंड : कचऱ्याच्या जागेचा इतिहास

कचरा टाकायच्या जागेला मुंबईत डम्पिंग ग्राउंड म्हणतात, पुण्यात कचरा डेपो आणि आपल्या मध्य प्रदेशात ट्रेंचिंग ग्राउंड. ट्रेंचिंग हा शब्द इंग्रजी अमदानीतला. त्या काळी शहरातला मैला गावाबाहेर नेऊन लांब चर खणून पुरत असत. चर खणणे केव्हाच थांबले, पण नाव सरकारी कागदांत टिकून राहिले. या सगळ्यांच्या आधीचा आपला शब्द म्हणजे उकिरडा. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणत आली. ते कसे फिटत, आणि आजच्या ट्रेंचिंग ग्राउंडचे का फिटत नाहीत, हे पाहण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेतले, शिक्षणाने पदविकाधारक. इतिहासकार म्हणवून घेण्याचा आमचा दावा नाही. पण जमिनीच्या फायली हाताळता हाताळता एक गोष्ट वारंवार डोळ्यांपुढे येते. कचऱ्यासाठी जागा सुचवताना प्रत्येक पिढीने "गावाबाहेरील पडीक जमीन" असेच लिहिले, आणि प्रत्येक पिढीत ती जमीन पुढे गावातच आली.

उकिरड्याचा हिशेब

जुन्या खेड्यात प्रत्येक घराचा उकिरडा वेगळा असे. शेण, राख, केरकचरा, भाजीचे देठ, गोठ्यातले उरलेले वैरण असे सगळे कुजणारे त्यात पडे, आणि पावसाळ्याआधी बैलगाडीने शेतावर जाई. जागा भरली म्हणून नवी शोधावी लागत नसे, कारण खड्डा दर वर्षी रिकामा होई. उकिरड्याचे पांग फिटत ते असे. शहरात हा हिशेब मोडला. घर होते पण शेत नव्हते, त्यामुळे कचरा जायला लागला तो परत न येण्यासाठी.

मुंबई : रेल्वेने गेलेला कचरा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या धास्तीने शहराच्या सफाईला वेग आला आणि कचरा शहरापासून दूर नेण्याचा विचार पक्का झाला. आज लोकलच्या हार्बर मार्गावर असलेला कुर्ला ते चेंबूर हा रुळांचा तुकडा १९०६ साली मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकला गेला. त्यावर प्रवासी गाड्या धावू लागल्या त्या १९२४ साली. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे मानले जाते. तेव्हा ही जागा शहराच्या हद्दीबाहेरची, खाडीकाठची, दलदलीची होती. पुढे शहर वाढत वाढत तिच्याभोवती पसरले. शहरातून हटवलेली गरीब वस्ती याच कचऱ्याच्या पायथ्याशी वसली.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याची नीट व्यवस्था होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये ही बंदी तात्पुरती उठवली. कचऱ्याला जागा नसेल तर घरालाही जागा नाही, हे देशाच्या आर्थिक राजधानीला न्यायालयातून ऐकावे लागले.

मालाडची कथा वेगळ्या तऱ्हेची. तिथले कचऱ्याचे मैदान बंद करून त्यावर कचेऱ्यांच्या चकचकीत इमारती उभ्या राहिल्या. खाली पुरलेल्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंनी तिथली संगणकासारखी यंत्रे वारंवार बिघडू लागल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

पुणे आणि नागपूर

पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला पडे. कोथरूड तेव्हा शहराचे टोक होते. तिथे वस्ती वाढली आणि १९९० नंतर कचऱ्याच्या गाड्या सासवड रस्त्यावरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे वळल्या. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे.

उरुळी आणि फुरसुंगीच्या विहिरींचे पाणी खराब झाले, पिण्यासाठी टँकर आणावे लागले. गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्या वेळी पुण्याच्या पेठांत कचऱ्याचे ढीग साचले. २०१७ साली ही दोन्ही गावे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आली, म्हणजे "गावाबाहेर" टाकलेला कचरा कागदोपत्रीही शहरात आला. २०२४ साली ती पुन्हा वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. हद्दीची रेघ दोनदा सरकली, कचरा जिथे होता तिथेच राहिला.

नागपूरच्या भांडेवाडीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी नातेवाइकांकडून ऐकले असेल. उन्हाळ्यात तिथे लागणाऱ्या आगी आणि आजूबाजूच्या वस्त्यांत पसरणारा धूर यांमागची कथाही याच वळणाची आहे.

इंदूर : वाट सापडली होती

आपल्या राज्यातले इंदूर मराठी माणसाला परके नाही. होळकरांच्या या नगरीत १९१७ च्या सुमारास स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले. शहर प्लेगने त्रस्त होते. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एक आगळी मिरवणूक काढवली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाईल ते रस्त्याच्या स्वच्छतेवर ठरणार होते, त्यामुळे मोहल्ल्यामोहल्ल्यांत झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता आणि शेवटी त्यांचे दहन झाले. सफाई कामगार स्वच्छ कपड्यांत, हारतुऱ्यांसह मानाने चालले. १९१८ साली गेडिस यांनी इंदूर दरबाराला आपला दोन खंडांचा अहवाल सादर केला.

त्यानंतर १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था उभी केली. तिचे आवार आज कृषी महाविद्यालयाचे आहे. तिथे त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर रचून, तीन वेळा उलथापालथ करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची रीत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ती "इंदूर पद्धत" म्हणून जगभर ओळखली जाते. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव सगळे घेतात. वाड हे आडनावही आपल्या मंडळींनी लक्षात ठेवावे. एका अर्थी त्यांनी आपल्या उकिरड्यालाच शिस्त लावली होती.

दुर्दैवाने हे ज्ञान शेतात राहिले, नगरपालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचले नाही. पुढे कचऱ्यात प्लास्टिक, काच, औषधांच्या पट्ट्या, बॅटऱ्या मिसळू लागल्या आणि मिसळलेल्या कचऱ्याचे खत होईना. खुद्द इंदूरच्या देवगुराडिया येथील ट्रेंचिंग ग्राउंडवर लाखो टनांचा डोंगर उभा राहिला. २०१८ च्या अखेरीस तो चाळून, वेगवेगळा करून संपवण्यात आला आणि सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथेच रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो, कारण घराघरातून ओला कचरा वेगळा येतो. यंत्र नंतरचे, आधी दोन डबे.

कायदा काय सांगतो

१९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली आणि देश हादरला. १९९६ साली अलमित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यातून समिती नेमली गेली आणि २००० साली घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. त्यांनी कचरा-प्रक्रियेची सोय उभी करण्यासाठी २००३ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली होती. बहुतेक नगरांनी ती पाळली नाही. ८ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम आले.

२०१६ च्या या नियमांत जागेच्या अटी स्पष्ट होत्या. लँडफिल, म्हणजे शास्त्रोक्त भूभरणाची जागा, नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर, तसेच वस्ती, महामार्ग, उद्याने आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर हवी होती. विमानतळापासूनचे अंतर २० किलोमीटर. पूरक्षेत्रात आणि पर्यावरणदृष्ट्या नाजूक भागात मनाई. तळाला ९० सेंटिमीटर घट्ट चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पडदा. जागा किमान २० ते २५ वर्षे पुरेल एवढी हवी होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे फक्त असाच कचरा पुरायचा होता, जो कुजत नाही, विकला जात नाही, जळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोग नाही.

एवढा खर्च लहान नगर एकट्याने करू शकत नाही. म्हणून अनेक नगरांनी मिळून एक सामायिक जागा करावी, ही कल्पना पुढे आली. आपल्या राज्यानेही नगरांचे गट पाडून कटनी, सागर अशा ठिकाणी हा मार्ग धरला. कल्पना चांगली आहे, पण तिच्यात एक जुनी खोड लपलेली आहे. दहा नगरांचा न निवडलेला कचरा एका गावाच्या शिवारात गेला, तर दहा देवनारांऐवजी एक मोठे देवनार होईल, इतकेच.

मलाजखंडच्या नकाशावर

आता आपल्या गावाकडे येऊ. टाकाऊ वस्तूची जागा ठरवणे म्हणजे काय, हे मलाजखंडला कोणी शिकवायला नको. १९८२ पासून इथे हिंदुस्तान कॉपरची खाण आहे. इथल्या खनिजात तांबे जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे शंभर टन दळले तर नव्याण्णव टन मागे उरते. टाकाऊ दगडाचे डोंगर आणि टेलिंगचा बांध आपण रोज पाहतो. खाणीच्या या मालाला वेगळे कायदे लागू आहेत, घनकचऱ्याचे नाहीत. पण धडा एकच आहे. तांबे दूरदेशी गेले आणि उरलेले इथेच राहिले. एकदा निवडलेली जागा नातवंडांपर्यंत बदलत नाही.

खाणीच्या गावात कधी ना कधी कोणीतरी सुचवतोच, की एवढा मोठा खड्डा आहे तर कचरा त्यातच टाकू. हे का चालणार नाही, ते सांगितले पाहिजे. सुरुंगांनी खडकाला भेगा पडलेल्या असतात, खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीखाली गेलेला असतो आणि आपल्याकडे तर त्याच खड्ड्याखाली आता भूमिगत खाणकाम चालते.

मग उरते "पडीक शासकीय जमीन". पटवाऱ्याचा खसरा उघडला की तिचे खरे रूप दिसते. कुठे "चरनोई" म्हणजे गुरचरण, कुठे "छोटे झाड का जंगल", कुठे निस्ताराचा हक्क. डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्या जमिनीची नोंद जंगल म्हणून आहे, ती केंद्राच्या परवानगीवाचून दुसऱ्या कामाला देता येत नाही. नकाशावर कोरी दिसणारी जागा कोणाच्या तरी गायीची, कोणाच्या तरी सरपणाची, मोहफुलांची असते. आणि ती माणसे बहुधा गोंड आणि बैगा समाजाची, जी बैठकीला बोलावली जात नाहीत. बैहर तहसिलीच्या अंगाला कान्हाचे जंगल आहे. उघड्या कचऱ्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांचे रोग वन्यप्राण्यांपर्यंत पोहोचतात.

बालाघाट इथून सुमारे ९० किलोमीटर, मधे घाट. समजा एखाद्या नगराची वस्ती ३० हजार आहे आणि माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा होतो. म्हणजे रोज ९ टन, २० वर्षांत सुमारे ६५ हजार टन. यातला निम्मा ओला, आणि ओल्या कचऱ्यात वजनाने बहुतांश पाणीच. म्हणजे डिझेल जाळून आपण घाटातून पाणी वाहून नेणार. तोच ओला भाग गावातच इंदूर पद्धतीने मुरवला, सुका निवडून विकला आणि रोज दीड टनच उरला, तर २० वर्षांचा भार ११ हजार टनांवर येतो. मग सामायिक जागाही लहान पुरते, आणि जागा लहान असेल तर ती निवडून, विचारून घेता येते.

हे स्वप्नरंजन नाही. सिंधुदुर्गातले वेंगुर्ला हे साधारण बारा हजार वस्तीचे गाव. तिथल्या नगरपरिषदेने २०१५ च्या सुमारास कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करायला सुरुवात केली. ओल्यापासून गॅस आणि खत, प्लास्टिकचा उपयोग रस्त्यासाठी. ज्या डेपोकडे नाक दाबून जावे लागे, तिथे आज लोक सहल म्हणून जातात. बारा वर्षेही लागली नाहीत.

हात कोणाचे

या इतिहासात एक बाजू नेहमी झाकलेली राहते. कचरा ज्यांच्या हातून गेला, त्यांची घरेही बहुधा कचऱ्याशेजारीच बांधली गेली. त्यांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९४९ साली वि. न. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. गाडगेबाबांनी तर हातात खराटा घेऊन हे काम सगळ्यांचे आहे, हेच आयुष्यभर दाखवले. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना बांधली, आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. आपल्या दारी येणाऱ्या गाडीवरच्या ताईच्या हाती आपण काय देतो, त्यावर तिचा दिवस अवलंबून असतो.

नगर पालिका जागा ठरवेल, कलेक्टर साहेब मंजुरी देतील. त्या जागेत काय जाईल, हे मात्र आपल्या स्वयंपाकघरात ठरते. यंदाच्या उत्सवात दहा दिवसांचे हार, दूर्वा, शमी, केळीची पाने असे निर्माल्य आपल्याकडे जमेलच. त्याचा धागा आणि प्लास्टिक काढून, हॉवर्ड आणि वाड यांच्या रीतीने मंडळाच्या आवारातच एक खड्डा भरावा, अशी आमची सूचना आहे. सुमारे तीन महिन्यांत सावकाश खत तयार होईल, आणि ते सभासदांनी आपल्या तुळशीला घालावे. पुढच्या वर्षी बाप्पा येतील तेव्हा आपल्या मंडळाची तरी एक गाडी ट्रेंचिंग ग्राउंडकडे कमी गेलेली असेल.

गणपती बाप्पा मोरया!