अकरांविरुद्ध एक

दिवाळीत घर भरलेले असते. फराळाची ताटे फिरत असतात, गप्पा रंगात आलेल्या असतात. एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचे एकमत होऊन विषय आता मिटणार, इतक्यात कोपऱ्यात बसलेला एखादा मामेभाऊ म्हणतो, "मला नाही बुवा हे पटत." सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. कुणी हसते, कुणी कपाळाला आठ्या घालते, आणि घरातले वडीलधारे गृहस्थ 'याचे नेहमीचेच' असे म्हणून चकलीचा तुकडा मोडतात. घरात अशा माणसाला फार तर चार घटका थट्टा सोसावी लागते. पण हेच वाक्य भर न्यायालयात, आपल्याच देशबांधवांच्या मताविरुद्ध उच्चारायचे असेल तर?

ते उच्चारणाऱ्या एका माणसाची ही हकीकत आहे. त्यांचे नाव हॅरॉल्ड लास्की. ते इंग्रज होते, राज्यशास्त्राचे पंडित होते, आणि त्या दिवशी त्यांनी जे 'नाही' म्हटले त्याच्याशी आपला फार जवळचा संबंध आहे.

साल १९२४. लंडनच्या उच्च न्यायालयात अब्रूनुकसानीचा एक दावा चालू होता. वादी सर मायकेल ओड्वायर. जालियनवाला बागेत गोळीबार झाला तेव्हा पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर. प्रतिवादी सर शंकरन नायर. हे नायर म्हणजे १८९७ साली आपल्या अमरावतीला भरलेल्या काँग्रेसचे अध्यक्ष. पंजाबातील अत्याचारांनंतर १९१९ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला होता. मौज अशी की, ज्या पुस्तकावरून हा दावा लागला ते त्यांनी गांधीजींच्या चळवळीवर टीका करण्यासाठी लिहिले होते. त्यातच पंजाबातील अत्याचारांची जबाबदारी त्यांनी ओड्वायर यांच्यावर टाकली होती.

खटला पाच आठवडे चालला. न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी आपला कल लपवला नाही. जनरल डायरने त्या परिस्थितीत केले ते योग्यच केले, असे मत त्यांनी ज्यूरीपुढे उघड बोलून दाखवले. ज्यूरीत बारा जण होते. त्यांतील अकरा जणांनी ओड्वायर यांच्या बाजूने मत दिले. बारावे होते तिशीतले लास्की, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एक शिक्षक. त्यांना ते पटेना. एकमत होईना, तेव्हा बहुमताचा निर्णय मान्य करण्यास दोन्ही पक्ष तयार झाले, आणि नायर हरले. ५०० पौंड भरपाई आणि खटल्याचा खर्च त्यांच्या माथी आला. माफी मागितली तर ही रक्कम सोडून देऊ, असे त्यांना सुचवण्यात आले. पण नायरांनी माफी मागितली नाही.

मग लास्कींच्या त्या एका मताने काय साधले? निकाल तर बदलला नाही. हा प्रश्न जरा बाजूला ठेवू आणि हा माणूस घडला कसा ते पाहू.

लास्कींचा जन्म १८९३ सालचा, मँचेस्टरचा. वडील नेथन लास्की कापसाच्या धंद्यातले धनिक, ज्यू समाजातील मोठे प्रस्थ. या कर्मठ घरातल्या मुलाने अठराव्या वर्षी आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या, परधर्माच्या फ्रिडा केरी या तरुणीशी गुपचूप लग्न लावले. घरात काय वादळ उठले असेल याची कल्पना आपल्याकडच्या वाचकांना सहज येईल! ऑक्सफर्डला ते इतिहासात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यात जायला निघाले, पण प्रकृतीमुळे नाकारले गेले. मग कॅनडातील मॅगिल आणि अमेरिकेतील हार्वर्ड येथे त्यांनी अध्यापन केले. १९१९ मध्ये बॉस्टनच्या पोलिसांनी संप केला तेव्हा या तरुण अध्यापकाने संपकऱ्यांची बाजू घेतली. विद्यार्थ्यांच्या एका विनोदी मासिकाने त्यांची टर उडवण्यासाठी अख्खा अंक काढला. १९२० मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढची तीस वर्षे लंडनमध्ये शिकवत राहिले.

त्यांचा 'ग्रामर ऑफ पॉलिटिक्स' हा ग्रंथ १९२५ चा, म्हणजे त्या खटल्याच्या पुढच्याच वर्षीचा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. हा ग्रंथ प्रथम हाती आला तेव्हा नावावरून मला ते इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक वाटले होते! शब्दकोश जवळ घेऊन, अडखळत मी तो वाचला. त्यातले मर्म आपल्या बोलीत सांगायचे तर असे: माणूस केवळ राज्याचा नसतो. तो घराचा असतो, धर्मसंस्थेचा असतो, कामगार संघाचा असतो, गावच्या सोसायटीचा असतो. या साऱ्या संस्थांना आपापला जीव आहे. राज्य त्यांतील एक. मोठे खरे, पण केवळ मोठे म्हणून निमूट मान तुकवावी असे नव्हे. ज्या हक्कांवाचून माणसाला आपल्यातले उत्तम ते प्रकट करता येत नाही, ते हक्क राज्य किती सांभाळते, यावरून त्याची परीक्षा करायची. आणि शेवटचा न्यायनिवाडा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीने करायचा.

ज्यूरीच्या खोलीत बारावा माणूस का अडून बसला, याचे उत्तर या पानांत मिळते.

त्यांच्या घरी चहाला विद्यार्थी जमत. त्यांत हिंदी विद्यार्थी पुष्कळ. कृष्ण मेनन त्यांचे शिष्य, आणि पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन हेही. आपल्या स्वातंत्र्याचा पक्ष लास्कींनी इंग्लंडमध्ये सातत्याने मांडला. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी अहमदाबादेत त्यांच्या नावाने राज्यशास्त्राची संस्था निघाली.

म्हणून त्यांना देवघरात बसवण्याचे कारण नाही. त्यांना गोष्टी तिखटमीठ लावून सांगण्याची खोड होती. अमेरिकेचे वयोवृद्ध न्यायमूर्ती होम्स यांच्याशी त्यांचा जवळजवळ वीस वर्षे चाललेला पत्रव्यवहार १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यातले कितीतरी किस्से कल्पनेतले निघाले. १९३१ नंतर ते मार्क्सच्या विचारांकडे झुकले. धनिकवर्ग आपली सत्ता शांतपणे सोडील का, या शंकेने त्यांना ग्रासले. सोव्हिएत रशियाकडूनही त्यांनी नको इतकी आशा धरली.

१९४५ मध्ये ते मजूर पक्षाचे अध्यक्ष असतानाच पक्ष निवडून आला. पण त्यांची जीभ काही आवरेना. शेवटी पंतप्रधान ॲटली यांनी, आपण काही काळ गप्प राहिलात तर बरे, अशा अर्थाचे पत्र त्यांना धाडले! त्याच ॲटलींच्या सरकारने खाणी आणि रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, सर्वांसाठी आरोग्यसेवा उभारली, हिंदुस्थान सोडला. आणि इंग्लंडमध्ये हे सारे मतपेटीच्या बळावर झाले. गुरूची शंका त्याच्याच पक्षाने खोटी ठरवली.

त्या निवडणुकीतल्या एका भाषणावरून, लास्की हिंसक क्रांतीचा पुरस्कार करतात, असे एका वृत्तपत्राने छापले. लास्कींनी अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९४६ च्या अखेरीस तो चालला, आणि ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. बावीस वर्षांपूर्वी ज्यूरीत बसून ज्यांनी एकाकी 'नाही' म्हटले, ते आता न्यायालयात समोर उभे होते. हजारो पौंडांचा खर्च मित्रांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून भागवला. पण हा घाव त्यांच्या मनातून गेला नाही. २४ मार्च १९५० रोजी ते वारले. वय अवघे ५६.

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. १९५२ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुण्यात लोकशाहीवर बोलले. समाजात नीतीची चाड नसेल तर लोकशाही टिकणार नाही, हे सांगताना त्यांनी लास्कींची साक्ष काढली. आणि बहुमताने अल्पमतावर जुलूम करता कामा नये, असेही बजावले. बाबासाहेबांना ते कुणी शिकवायला नको होते. तरी त्या व्याख्यानात लास्कींचे नाव यावे याचे मला समाधान वाटते.

लास्कींच्या मताने नायर जिंकले नाहीत हे खरे. पण बाराही इंग्रजांनी पंजाबच्या अत्याचारांवर पांघरूण घातले, असे इतिहासाला लिहिता आले नाही. त्याला अकरा असेच लिहावे लागले.

मी नागरिकशास्त्र शिकवतो. वर्गात हात वर करून मत घेताना मी आता विरुद्ध हात मोजायला विसरत नाही. एकच हात असला तरी तो फळ्यावर मांडतो, आणि त्या मुलाला किंवा मुलीला विचारतो, "बाळ, तुला का पटत नाही, ते सांग." कधी कारण पोरकट असते. कधी अख्खा वर्ग विचारात पडतो.

यंदा फराळाच्या वेळी तुमच्या घरातला तो मामेभाऊ पुन्हा 'मला नाही पटत' म्हणेल. त्याला आणखी एक लाडू वाढा, आणि त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.