शतमान स्तंभालेख आणि रत्नागिरीची जनगणना

रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या अधिक आहे, ही गोष्ट जनगणनेच्या अभ्यासकांस नवी नाही. 2001 साली दर हजार पुरुषांमागे येथे 1136 स्त्रिया होत्या, तर 2011 साली 1122. याच दोन वर्षी महाराष्ट्र राज्याचे प्रमाण अनुक्रमे 922 व 929 होते. या विषमतेचे मूळ जन्ममृत्यूच्या आकड्यांपेक्षा मुंबईच्या वाटेवर अधिक सापडते. गिरण्या, गोदी व घरकाम यांसाठी कोकणचा पुरुष मुंबईस जाई आणि कुटुंब गावी शेत, घर व म्हातारी माणसे सांभाळी. चाकरमान्याची मनीऑर्डर हा त्या संसाराचा मोठा आधार असे. या व्यवहाराची दुसरी बाजू मुंबईच्या तक्त्यांत दिसते. 1961 साली बृहन्मुंबईत दर हजार पुरुषांमागे केवळ 663 स्त्रिया होत्या.

अशी तुलना डोळ्यांसमोर उभी करण्याचे प्रचलित साधन म्हणजे शतमान स्तंभालेख. सर्व स्तंभ सारख्या उंचीचे, प्रत्येकाची उंची शंभर मानावयाची आणि तीत घटकांचे वाटे एकावर एक रचावयाचे. त्या रीतीने पाहिल्यास 1961 च्या मुंबईच्या स्तंभात स्त्रियांचा वाटा सुमारे 39.9 येतो आणि 2011 च्या रत्नागिरीच्या स्तंभात 52.9. दर हजारी प्रमाण वाचताना जो फरक मनात जुळवावा लागतो, तो येथे एका दृष्टिक्षेपात कळतो.

स्तंभालेखाचे जनकत्व सामान्यत: विल्यम प्लेफेअर याच्याकडे दिले जाते, त्याचा व्यापारविषयक आलेखसंग्रह 1786 साली लंडनमध्ये निघाला. तथापि विभाजित स्तंभाचा खरा विचारपूर्वक उपयोग फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याने केला. 1844 च्या सुमारास वाहतुकीचे आलेख काढताना त्याने स्तंभांची रुंदीही अंतराच्या प्रमाणात बदलती ठेवली. ही युक्ती पुढे बरीचशी मागे पडली, आणि त्याची किंमत अभ्यासकांस आजही मोजावी लागते. त्याचे कारण पुढे येईलच.

हाताने आलेख काढावयाचा असता शेकडेवारी आधी कागदावर मांडणे भागच होते. संगणकाने ते श्रम वाचविले. बेल प्रयोगशाळेत 1976 पासून घडत गेलेल्या ‘एस’ या भाषेच्या वळणावर न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ ही भाषा रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती 2000 साली प्रसिद्ध झाली. या भाषेत ‘प्रॉप.टेबल’ ही आज्ञा संख्यांचे प्रमाणांत रूपांतर करते आणि ‘बारप्लॉट’ ही आज्ञा कोष्टकाच्या प्रत्येक उभ्या रकान्याचा एक रचलेला स्तंभ काढते. यास्तव वर्षे उभ्या रकान्यांत व लिंग आडव्या ओळींत ठेवून प्रमाण रकान्यावार काढावे लागते, म्हणजे आज्ञेत 2 हा अंक द्यावा लागतो. तेथे 1 लिहिल्यास यंत्र तक्रार करीत नाही. ते निमूटपणे दोन्ही वर्षांच्या एकूण पुरुषांपैकी किती पुरुष कोणत्या वर्षीचे, हे काढून देते. त्या प्रश्नास काही अर्थ नाही, परंतु चित्र मात्र तयार होते.

हॅडली विकम यांच्या ‘जीजीप्लॉट2’ या संचात हीच रचना ‘पोझिशन’ या सदरात ‘फिल’ हा शब्द दिल्याने होते. येथील धोका अधिक सूक्ष्म आहे. ‘जिओम_बार’ ही आज्ञा मूळत: ओळी मोजते. जनगणनेचे तयार तक्ते हाती असता प्रत्येक वर्षास पुरुषांची एक व स्त्रियांची एक अशा दोनच ओळी असतात. परिणामी रत्नागिरी असो की मुंबई, प्रत्येक स्तंभ बरोबर अर्धा-अर्धा निघतो. तयार संख्यांसाठी ‘जिओम_कॉल’ ही आज्ञा योजावयाची असते. ज्यास जिल्ह्याची माहिती आहे तो असा समसमान आलेख पाहून थबकेल. ज्यास नाही, तो त्यावर समानतेचा निष्कर्षही लिहून मोकळा होईल.

आज्ञा अचूक दिल्या तरीही या आलेखाचा एक अंगभूत दोष उरतोच. रत्नागिरीच्या 2001 च्या स्तंभात पुरुषांचा वाटा 46.8 आहे आणि 2011 च्या स्तंभात 47.1. नुसते स्तंभ पाहणाऱ्यास वाटावे की पुरुष गावी परतू लागले. मूळ संख्या वेगळेच सांगतात. जिल्ह्याची लोकसंख्या या दहा वर्षांत 16,96,777 वरून 16,15,069 वर आली, पुरुष सुमारे 33 हजारांनी घटले आणि स्त्रिया सुमारे 48 हजारांनी. पुरुषांचा वाटा वाढला तो स्त्रिया अधिक घटल्या म्हणून. पूर्वी एकटा पुरुष मुंबईस जाई, आता कुटुंबच्या कुटुंब जाते, हा अर्थ येथे अधिक संभवनीय दिसतो. मुंबई शहर जिल्ह्यातील प्रमाण याच काळात 777 वरून 832 वर गेले, हेही त्याशी जुळते. परंतु शतमान स्तंभांची उंची सारखीच असल्याने एक्याऐंशी हजार माणसांची घट चित्रात कोठेच दिसत नाही. मिनारप्रमाणे स्तंभाची रुंदी एकूण संख्येच्या प्रमाणात ठेवली असती तर ती निदान अंशत: दिसली असती. ते जमत नसेल तर प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर एकूण संख्या लिहिणे हा साधा उपाय आहे.

घटक दोनच असता एकाचा पाया खाली व दुसऱ्याचा माथा वर स्थिर राहतो, म्हणून दोहोंची तुलना सुलभ होते. मुंबईतील रहिवाशांची जन्मस्थानाप्रमाणे विभागणी दाखवावयाची झाल्यास घटक अनेक होतात आणि मधले तुकडे अधांतरी राहतात. क्लीव्हलँड व मॅकगिल यांनी 1984 साली प्रयोगांती दाखविले की समान आधाररेषेवरील स्थाने डोळा अचूक जोखतो, सुट्या लांबी त्या मानाने कमी. तेव्हा रत्नागिरीत जन्मलेल्यांविषयी लिहावयाचे असेल तर त्यांचा तुकडा तळाशी ठेवावा हे उचित. यंत्र आपणहून जो वर्णानुक्रम लावते त्यास शास्त्राधार नाही.

जिल्ह्याच्या सीमांचा प्रश्न याहून अवघड आहे. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे 1961 चा रत्नागिरीचा स्तंभ 2011 च्या स्तंभाशेजारी ठेवणे म्हणजे दोन भिन्न प्रदेश शेजारी ठेवणे होय. दोन्ही जिल्हे आधी एकत्र करावे लागतात, आणि येथेही शेकडेवारीची सरासरी घेऊन भागत नाही. 2011 साली रत्नागिरीत स्त्रियांचा वाटा 52.9 व सिंधुदुर्गात 50.9 होता, त्यांची सरासरी 51.9 येते. परंतु रत्नागिरीच्या 8,53,948 व सिंधुदुर्गाच्या 4,32,319 स्त्रियांची बेरीज करून तीस 24,64,720 या एकूण लोकसंख्येने भागले असता वाटा 52.2 निघतो. जुन्या रत्नागिरीशी तुलना करण्यास योग्य असा आकडा हाच.