कुंपणाच्या अलीकडे

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून गेल्या माघापासून एका कॉलेजच्या नव्या इमारतीचे काम चालले आहे. कोणते कॉलेज ते सांगत नाही. उद्या आमचीच पोरे तेथे प्रवेश मागायला जायची आहेत! काम चालले आहे म्हणजे काय, हे ज्याने सोसले त्याला सांगायला नको. दिवस उजाडायच्या आत डंपर येतो, खडी ओततो आणि पाळण्यातले पोर दचकून उठते. चैत्रात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर सिमेंटची अशी पूड बसली की आमच्या घरातून दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोलले नाही. जणू ती इमारत मीच बांधायला काढली होती! पुढे पावसाळा आला आणि खरी गोष्ट ध्यानात आली. इमारतीचे जोते आमच्या ओट्यांपेक्षा चांगले कमरेइतके उंच. तिकडचे सगळे पाणी आमच्या गल्लीत. शेजारच्या आजी उंबऱ्यात गोणपाट दाबून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मास्तर, धूळ काय, पुसली की गेली. पण पाणी घरात शिरलं तर आम्ही कुठं जावं?”

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. कॉलेज मी पाहिले ते नेहमी असे कुंपणाच्या अलीकडून. म्हणूनच असेल, पण कॉलेजांचे इतिहास वाचायला बसलो की माझे डोळे भलतेच काहीतरी शोधू लागतात. कोनशिला कोणी बसवली, देणगी कोणी दिली, पहिले प्राचार्य कोण, हे सारे तेथे सापडते. शेजारी मात्र सापडत नाही.

कॉलेज नको, असे म्हणण्याची माझी छाती नाही. न्यायमूर्ती रानडे आमच्या निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मले. त्यांचे बालपण कोल्हापुरात गेले आणि पुढच्या विद्येसाठी त्यांना मुंबईचे एल्फिन्स्टन गाठावे लागले. आज तालुक्यातली मुलगी सकाळी एस.टी.त बसून कॉलेजला जाते आणि दुपारी घरी येऊन भाकरी टाकते. हा फरक ज्याला कळत नाही त्याने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये. प्रश्न आहे तो एवढाच, की कॉलेजला जागा लागते आणि जागा कधी रिकामी नसते.

पुण्याचेच पाहा. १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली ती विश्रामबागवाड्यात, भर वस्तीत. पेशव्यांचा वाडा आयता मिळाला, तेव्हा बांधकामाचा प्रश्नच आला नाही. त्या पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज झाले, आणि सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीने येरवड्याला तिच्यासाठी नवी दगडी इमारत उठली. १८६८ मध्ये कॉलेज तेथे गेले आणि डेक्कन कॉलेज हे नाव घेऊन राहिले. शहराबाहेर, नदीपलीकडे, मोठ्या आवारात! शेजाऱ्याची कटकट नाही, खडीच्या आवाजाने कोणाची झोप मोडण्याची भीती नाही. पण भार कोणावर तरी पडतोच. येथे तो विद्यार्थ्यावर पडला. पेठेतल्या गरीब मुलाने एकतर तंगडतोड करावी नाहीतर वसतिगृहाचा खर्च सोसावा. आगरकर त्याच कॉलेजात शिकले. अंगातला एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा विद्यार्थी तेथे कसा राहिला असेल, याची कल्पना करावी.

पुढे टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू केले, ते मुद्दाम गावात. शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. मला हा वाडा फार आवडतो. खालच्या चौकात शेजारणीचे हंडे वाजत असतील आणि वर वामन शिवराम आपटे संस्कृत शिकवीत असतील, असे चित्र मी उगाचच मनात काढतो. (कादंबरीकाराची खोड, दुसरे काय!) परंतु मुले वाढली, वाडा पुरेना. गोपाळ कृष्ण गोखले सुट्ट्यांत गावोगाव हिंडून वर्गणी मागू लागले. नामजोशींची खटपट होतीच. शेवटी भांबुर्ड्याच्या शिरोळे घराण्याची जमीन नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने मिळाली आणि १८९५ मध्ये कॉलेज चतुःशृंगीच्या माळावर गेले. त्याच वर्षी १७ जूनला प्राचार्य आगरकर वारले.

आता हा ‘माळ’ शब्द. शहरातला माणूस माळ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काहीच नसते. गवत आणि वारा. आम्हां खेड्यातल्यांना माळ म्हणजे गुरांचे पोट. तेथेच म्हातारी शेण गोळा करून गोवऱ्या थापते, मेंढपाळ दोन रात्री उतरतो, आणि देवीच्या जत्रेला जायची जवळची पायवाटही तेथूनच असते. कुंपण पडले की हे सगळे एका दिवसात चोरी ठरते. फर्ग्युसनबाबत एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे: जमीन करारावर घेतली, देणाऱ्याचे नाव राहिले. आणि त्या माळाकडे पुढे शहरच चालून आले. १९०५ मध्ये शेजारी गोखल्यांची भारत सेवक समाजाची वास्तू, १९१७ मध्ये भांडारकर संस्था, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था. भांबुर्डे नाव जाऊन शिवाजीनगर झाले. माळावर कॉलेज बांधले म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न सुटतो हा समज तेव्हाच खोटा ठरला. शेजारी नंतर येतात, एवढेच.

फर्ग्युसन माळावर गेले त्याच्या आदल्याच वर्षी, १८९४ मध्ये, इंग्रज सरकारने जमीन संपादनाचा कायदा केला. ‘सार्वजनिक प्रयोजन’ असे दोन शब्द लिहिले की सरकारला कोणाचीही जमीन घेता येई. बाजारभाव द्यायचा आणि सक्तीने घेतली म्हणून वर शेकडा पंधरा. कुळवाडी पुढे काय खाईल, त्याच्या शेतावर राबणारा भूमिहीन कोठे जाईल, हे प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हते. इंग्रज गेले, कायदा राहिला. तो बदलून नवा आला १ जानेवारी २०१४ रोजी.

या कायद्याची छाया आम्हां निफाडकरांच्या ताटापर्यंत येते. ती कशी, ते सांगतो.

१९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढल्या वर्षी पश्चिम महाराष्ट्राचे विद्यापीठ राहुरीला आले आणि महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याचे नाव! शेतीचे विद्यापीठ म्हणजे नुसत्या चार इमारती नव्हेत. त्याला प्रयोगाची शेते लागतात, बीजोत्पादनाला रान लागते. तेव्हा डिग्रस, सडे, खडांबे, वरवंडी अशा गावांतली हजारो एकर जमीन गेली. पाचशेंहून अधिक खातेदारांची. ज्या शेतकऱ्यासाठी विद्यापीठ, त्याच शेतकऱ्याची जमीन. यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. दुष्काळी मुलखात शेती सुधारायची होती आणि हेतू उघड चांगला होता. पण पैसे मिळाले ते कोणाच्या घरात लग्नात गेले, कोणाचे कर्जात. मग राहिला तो एक कागद, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. सरकारने पुढे नोकऱ्यांत प्रकल्पग्रस्तांसाठी शेकडा पाच जागा ठेवल्या. जमीन वाटता येत होती. दाखला वाटता येत नाही. एक दाखला आणि चार भाऊ असले तर नोकरीला कोणी लागायचे आणि घरी कोणी बसायचे, यावरून सख्ख्या भावांत काय होत असेल ते लिहायला मला कादंबरीची गरज नाही. आंदोलने झाली, उपोषणे झाली. जमीन गेल्याला अर्धशतक उलटल्यावर विद्यापीठाने प्रकल्पग्रस्तांसाठी खास नोकरभरती काढली. ज्याची जमीन गेली तो तोवर किती घरांत जिवंत राहिला असेल?

योगायोग पाहा. त्याच १९६८ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, जेथे बाबासाहेब शिकले, ते हार्लेमच्या कृष्णवर्णीय वस्तीलगतच्या मॉर्निंगसाइड उद्यानात व्यायामशाळा बांधायला निघाले. जागा उताराची. विद्यार्थ्यांचे दार वरच्या अंगाला, वस्तीतल्या लोकांचे खाली मागच्या अंगाला, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग. लोक खवळले. विद्यार्थ्यांनीच विद्यापीठाच्या इमारती ताब्यात घेतल्या, आणि पायाचा खड्डा खणून झाल्यावर काम सोडून द्यावे लागले. त्या खड्ड्यात पुढे तळे केले गेले. तेथे शेजाऱ्यांना वर्तमानपत्रे होती, कॅमेरे होते. सड्याच्या शेतकऱ्याजवळ सातबारा होता, तोही गेला.

आता निफाड. आमच्या कुंदेवाडीला गव्हाचे संशोधन केंद्र आहे, १९३२ पासूनचे. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ‘निफाडचा पारा घसरला’ असे येते ना, तो पारा तेथलाच. हे केंद्र राहुरीच्या विद्यापीठाचे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी ही गव्हाच्या वाणांची नावे आमच्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. म्हणजे विद्यापीठाचे फळ आमच्या ताटात आणि त्याचा भार पुणतांब्यापलीकडल्या कोणाच्या तरी खांद्यावर. उलटा हिशेबही आम्हांला पाठ आहे. नांदूर-मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचे कालवे गेले कोपरगावाकडे, फुगवटा राहिला आमच्याकडे. गोदेला पूर आला की चांदोरी-सायखेड्याची माणसे सामान माळ्यावर टाकतात. एकाचे जोते उंच झाले की दुसऱ्याच्या ओट्याशी पाणी येते, हे आमच्या तालुक्याने गल्लीत आणि नदीत, दोन्हीकडे पाहिले आहे.

तेव्हा श्रावणात आम्ही गल्लीतले चारजण त्या कॉलेजच्या कचेरीत गेलो. मी नाइलाजाने पुढे, मास्तर म्हणून. साहेब भले गृहस्थ निघाले. चहा मागवला. “तुम्ही आधी का नाही आलात?” म्हणाले. आधी आम्हांला कोणी बोलावले नव्हते, हे आम्ही बोललो नाही. बऱ्याच गोष्टी सहज मान्य झाल्या: दिवसातून दोनदा रस्त्यावर पाणी मारायचे, खडीवर ताडपत्री, डंपर सातनंतर, कामाचे पाणी टँकरने, कारण बोअर घेतली तर आमचे हातपंप कोरडे पडतील. यात कॉलेजला फारसा खर्चही नव्हता. कोणी विचारले नव्हते, म्हणून झाले नव्हते.

येताना मुकादमाच्या पालांकडे नजर गेली. विटांच्या ढिगावर पाच पोरे खेळत होती. कॉलेज बांधणाऱ्यांची पोरे, आणि एकही शाळेत नाही! भिंतीपलीकडे इतके महिने राहिली होती, आणि मी धुळीबद्दल बोलत होतो. त्यांतली तीन आता माझ्या वर्गात बसतात. थोरलीला धाकट्याला सांभाळायचे असते, ती येत नाही. तिच्या आईशी दोनदा बोललो. स्लॅब पडला की पाठवते म्हणाली.

स्लॅब आश्विनात पडला. त्या दिवशी रात्री अकरापर्यंत मिक्सर चालला आणि गल्लीत कोणी ब्र काढला नाही. उलट आजींनी कामावरच्या बायांना आपल्या माठातले पाणी नेऊन दिले. परवा त्या थोरल्या मुलीने आमच्या दारातल्या रांगोळीत एक ठिपका चुकवला आणि पुन्हा काढला.

नालीचे मात्र अजून ठरलेले नाही. नकाशात ती नाही, असे साहेब म्हणतात. भाऊबीज झाली की आजींना बरोबर घेऊन पुन्हा जायचे आहे.