माळ राखणाऱ्यांची वाटचाल

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की विसेक किलोमीटरवर नान्नज येतं. पाऊस सरला की इथल्या माळावर कुसळी आणि मारवेल उंच वाढतं, त्यातून काळविटांचे कळप उड्या घेत जातात. हिवाळ्यात दूरदेशीचे भोवत्ये पक्षी याच गवतावर उतरतात. ही जमीन ‘पडीक’ म्हणून हिणवली गेली, तरी मेंढपाळांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगल्या. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची वाटचाल म्हणजे हा माळ नव्याने ओळखण्याची गोष्ट आहे.

गवत आलं, माळढोक आला

1972च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा होरपळला. त्यानंतर अवर्षण प्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे चराईपासून राखले गेले आणि तिथं गवत पुन्हा उभं राहिलं. त्या गवतात माळढोक वावरताना दिसू लागला. सोलापूरचे निसर्गप्रेमी बी. एस. कुलकर्णी यांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधलं आणि 1979 साली अभयारण्य जाहीर झालं. 1980च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी इथं अभ्यासाला आले. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्यामुळे एक अंडं तुडवलं गेलं की एका विणीची आशा संपते.

कागदावरची रेष

अभयारण्याची हद्द आखली ती सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,500 चौ. किमी. तिच्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, लोकांची खासगी शेतं होती. आपल्याच जमिनीच्या व्यवहारात अडचणी येऊ लागल्या आणि अनेकांच्या मनात माळढोक म्हणजे कटकट हे समीकरण बसलं. पुढे क्षेत्र घटवून 1,222 चौ. किमीवर आणलं गेलं. दरम्यान उजनीचं पाणी आलं, ज्वारी-करडईच्या रानात ऊस उभा राहिला. मोकळ्या माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली. चहूकडे नजर जाईल अशी जागा लागणाऱ्या पक्ष्याला ती सावली मानवणारी नव्हती. ज्याच्या नावानं अभयारण्य झालं, तो माळढोक आज इथं क्वचितच दिसतो. देशभरात त्याची संख्या दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते. सोलापूरकरांनी हे दुःख मनात जागं ठेवायला हवं, कारण ज्या माळावर तो नांदला, तो माळ अजून आहे.

वस्तीतला कुत्रा, माळावरचं खोकड

वाटचालीचं पुढचं वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं. अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नान्नज परिसरात खोकड आणि गावकुत्री यांचा अभ्यास केला. कुत्र्यांचा वावर असेल तिथून खोकड अंग चोरून राहतं, असं त्यात दिसलं. पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी याच भागात रोगांचा माग काढला. पार्व्हो, डिस्टेंपर यांसारख्या विषाणूंचा संसर्ग गावकुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळला आणि खोकडांमध्येही त्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे वस्तीतल्या कुत्र्याचा ताप वस्तीपुरता उरत नाही. 2018 साली गीरच्या सिंहांना डिस्टेंपरनं गाठलं, तेव्हा हाच धोका साऱ्या देशानं पाहिला.

डिस्टेंपर माणसाला होत नाही. रेबीज मात्र कुत्रा, माळावरचा लांडगा, मेंढरू आणि माणूस असा कुणालाच सोडत नाही. पिसाळलेला लांडगा वस्तीत शिरला की आधी माणसांवर संकट येतं आणि मग रागाच्या भरात निरोगी लांडगेही मारले जातात. उघड्यावर टाकलेली मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण यांवरच ही गावकुत्री पोसली जातात. माणूस, जनावर आणि माळ यांचं आरोग्य एकाच दाव्याला बांधलेलं आहे.

राखण कुणाची?

लांडग्याशी सर्वांत जवळचा संबंध धनगराचा. रात्री वाघरीच्या जाळीत कोंडलेली मेंढरं, भोवती राखणीची कुत्री आणि अंधारात फिरणारा लांडगा हे त्याचं रोजचं जग आहे. लांडग्यानं मेंढरू नेलं तर सरकारी भरपाई मिळते. पण ती वेळेत हातात पडली, तरच लांडग्याला विष घालण्याचा विचार मागे पडतो. मेंढरांना पीपीआर आणि आंत्रविषाराची लस वेळेवर मिळाली, तर रोगानं होणारी मर टळते आणि लांडग्यानं नेलेल्या एका मेंढराचा घाव सोसवतो. शेतात मेंढरं बसवून खत घेणाऱ्या शेतकऱ्यालाही या निरोगी खांडाचाच लाभ होतो.

म्हणून या वाटचालीचा पुढचा टप्पा नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा यांसारख्या गावांच्या चावडीवर सुरू व्हायला हवा. कुत्र्यांचं लसीकरण आणि नसबंदी, मेलेल्या जनावरांची नीट विल्हेवाट, आणि कुठला तुकडा कधी चरायला खुला करायचा याचा निर्णय गावानं, मेंढपाळानं आणि वनखात्यानं एकत्र बसून घ्यावा. माळढोकाच्या वेळी आपण आधी हद्द आखली आणि माणसांना नंतर विचारलं. लांडगा आणि खोकड अजून माळावर आहेत. त्यांच्या वेळी आधी धनगराच्या वाड्यावर जाऊया, त्याच्या कुत्र्याला लस टोचूया आणि माळाबद्दल त्याचं म्हणणं ऐकूया.