नव्वदच्या पुढची थरथर

तर झालं असं. शिक्रापूरच्या मामांनी दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने हौसेने बाहेरची अलॉय चाकं बसवलेली, त्यामुळे गाडी दिसायला एकदम झकास. शिक्रापूर, शिरूर, तळेगाव ढमढेरे, फार तर पुणे, एवढ्या फिरण्यात गाडीने कधी तक्रार केली नाही. नगर रोडवर ट्रॅफिक असा, की नव्वदचा काटा दिसणार कुणाला?

मग मामा-मामी नागपूरला एका लग्नाला निघाले. शिर्डीच्या पुढे समृद्धी महामार्गाला लागले, काटा नव्वदवर गेला आणि स्टिअरिंग कापायला लागलं. शंभरला तर मामींच्या हातातला चहा सांडला. ऐंशीवर आले की सगळं शांत. मामा बिचारे नागपूरपर्यंत ऐंशीने गेले आणि ऐंशीनेच परत आले. आल्यावर मेकॅनिककडे. त्याने टाय रॉड एंड बदलले. मग लोअर आर्मचे बुश, मग पुढचे शॉकअप. मधल्या काळात व्हील बॅलन्सिंग तीन वेळा. पैसे गेले, थरथर तिथेच. शेवटी फोन आला, "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग काय झालंय ते."

आता मी इंजिनिअर असलो तरी कॉम्प्युटरचा. पण 'आमच्याकडे व्यवस्थित चालतंय, तिकडेच बिघडतंय' ही तक्रार मी रोज ऐकतो, आणि असला बग सगळ्यात चिवट असतो हेही माहीत आहे. म्हणून आधी थोडं वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं की मामांच्या गाडीला जे झालं ते शंभर वर्षांपूर्वी आख्ख्या अमेरिकेच्या गाड्यांना झालं होतं. ती गोष्ट इतकी मस्त आहे की मामांना थोडा वेळ तसंच गॅरेजमध्ये उभं करून आधी ती सांगतो.

1923 मध्ये फायरस्टोन कंपनीने 'बलून' टायर बाजारात आणले. आधीचे टायर अरुंद आणि दगडासारखे टणक. हे रुंद, मऊ आणि कमी हवेवर चालणारे. त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक आले. याआधी बहुतेक गाड्यांना फक्त मागे ब्रेक असायचे. दोन्ही सुधारणा चांगल्याच होत्या. पण दोन्ही एकत्र आल्यावर एका ठरावीक वेगाला पुढची चाकं डावी-उजवीकडे फडफडायला लागली आणि स्टिअरिंग हातातून सुटेल असं व्हायला लागलं. त्या काळात 'शिमी' नावाचा खांदे हलवत करायचा नाच गाजत होता. लोकांनी या रोगाला तेच नाव देऊन टाकलं. आजही इंजिनिअरिंगच्या पुस्तकात तोच शब्द आहे. (चाकाच्या रोगाला नाचाचं नाव! आपल्याकडे असतं तर 'लेझीम' म्हटलं असतं.)

कारण असं की तेव्हा पुढची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्यावर, म्हणजे अखंड अॅक्सलवर असायची. एक चाक खड्ड्यामुळे वर उचललं की अख्खा अॅक्सल तिरका व्हायचा. जोरात फिरणारं चाक म्हणजे भोवराच. भोवरा एका बाजूला कलवला की तो दुसऱ्याच दिशेला वळतो. तसंच अॅक्सल कलला की चाकं वळायची, ती वळली की अॅक्सल उलटा कलायचा, की चाकं परत वळायची. एकदा ताल धरला की थांबायचं नाव नाही. त्यात टायर मऊ, म्हणजे उसळी जास्त, आणि ब्रेकमुळे चाकाचं वजन जास्त.

आधी सगळ्यांनी मामांच्या मेकॅनिकसारखंच केलं. सांधे घट्ट करा, स्प्रिंग कडक करा, डॅम्पर लावा. 1930 मध्ये मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये आला. त्याचं काम खरं तर शिमीचं नव्हतंच. गाडीतलं बसणं आरामदायक करणं हे काम होतं. त्याने एक विचित्र गाडी बनवली. पुढेमागे वजनं सरकवता येतील अशी, आणि तिच्यात माणसं बसवून 'आता कसं वाटतंय?' विचारत बसला. निष्कर्ष निघाला की पुढच्या स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हव्यात. मऊ केल्या, तर शिमी दुप्पट जोमाने परत! म्हणजे आराम हवा असेल तर तो दांडाच काढायला हवा होता. मार्च 1933 मध्ये जनरल मोटर्सच्या साहेब लोकांना दोन प्रायोगिक गाड्यांत बसवून फिरवलं, आणि 1934 च्या मॉडेलपासून पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी झाली. आपण ज्याला इंडिपेंडंट सस्पेन्शन म्हणतो ते हे.

मला यातली गंमत वाटते ती ही, की दहा वर्षं लोक सैल भाग शोधत होते, आणि दोष एकाही भागात नव्हता. तो जोडणीत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, मामांच्या गाडीत परत लागणार आहे.

आपल्याकडे तो दांडा जीपमध्ये राहिला. महिंद्रांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षं खेड्यापाड्यातलं वडाप त्याच घराण्यातल्या जीपवर चाललं. जुन्या जीपचं स्टिअरिंग नाचायला लागलं की जुने मिस्त्री किंगपिनच्या टोपीखालची पातळ शिम काढून बेअरिंग घट्ट करायचे. 1920 च्या दशकातला आजार, 1920 च्या दशकातलाच उपाय! (आमच्या शिरूर तालुक्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात तर जुन्या जीपचे पार्ट वापरून छोटा ट्रॅक्टर बनवला होता. जीप या भागात कुठे कुठे पोचली त्याचा हा पुरावा.) फियाट आणि अॅम्बॅसेडरला पुढे सुटं सस्पेन्शन होतं, पण त्यांना शंभरने पळायला रस्ता कुठे होता?

दांडा गेल्यावर उरला तो चाकाचा स्वतःचा तोल. इथे थोडं गणित करतो, कंटाळू नका. पंधरा इंची चाकाच्या कडेला 20 ग्रॅम वजन जास्त आहे समजा. ताशी 50 किलोमीटरला ते चाकाला एक किलोपेक्षाही कमी जोराने बाहेर ओढतं. वेग दुप्पट केला की ओढ चौपट होते, म्हणजे 100 ला सव्वातीन किलोच्या आसपास. आणि ती दिशा बदलत सेकंदाला पंधराएक वेळा बसते. सस्पेन्शन आणि चाकांची स्वतःची हलण्याची लय साधारण याच टापूत असते. लय जुळली की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसं होतं. म्हणूनच थरथर नव्वद ते एकशेदहामध्ये जास्त, आणि पन्नासला काहीच कळत नाही.

तोल मोजायची यंत्रं मुळात मोटारींसाठी नव्हती. ती टर्बाइन आणि विजेच्या मोटरसाठी. जर्मनीत लावाचेक नावाच्या इंजिनिअरने 1907 च्या सुमारास असं यंत्र काढलं आणि डार्मस्टाट गावच्या शेंक कंपनीने ते बनवायला घेतलं. योगायोग बघा, 1935 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय ऑटोबान योजनेचा पहिला तुकडा सुरू झाला तो फ्रँकफर्ट ते डार्मस्टाट! चाकाचा तोल बघणारं यंत्र आणि तोल उघडा पाडणारा रस्ता, दोन्ही एकाच गावात.

आपल्याकडे तो रस्ता यायला 2000 साल उजाडलं. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि 2002 मध्ये पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर सिमेंटचा रस्ता, मध्ये सिग्नल नाही, बैलगाडी नाही. बाबा सांगतात, त्यांची मारुती 800 तोपर्यंत गुणी बाळ होती. एक्स्प्रेसवेवर पहिल्यांदा शंभरला नेली आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं. त्यांना वाटलं रस्ताच खराब! खराब रस्त्याचे हादरे इतकी वर्षं चाकाचे हादरे झाकत होते, एवढंच. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातल्या गाड्यांवर तीच वेळ आली. 2023 मध्ये तर परिवहन खात्याला समृद्धीवर टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. तालुक्याच्या रस्त्यावर गुळगुळीत टायर वर्षभर चालून जातो. तिथे 120 च्या वेगाला चालत नाही.

आता मामा. शनिवारी पहाटे मी शिक्रापूरला गेलो. आमची टेस्ट लॅब म्हणजे एक्स्प्रेसवे. चाकण चौकातून निघून चाकण, तळेगाव, मग उर्से टोलनाका. पन्नासेक किलोमीटर. उजाडायच्या आत चाकण ओलांडलं नाही तर दिवस तिथेच जातो, त्यामुळे साडेचारला निघालो.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? नाही, म्हणजे डिस्क नाही. अॅक्सिलरेटर सोडला तर जाते का? नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा सांधा नाही. गिअर बदलून त्याच वेगाला बघितलं, तेवढीच. म्हणजे इंजिन नाही. मग परतताना रस्त्याकडेच्या हॉटेलच्या आवारात पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली, आणि पुढच्या यू-टर्नला परत एक्स्प्रेसवेवर आलो. हातातली थरथर बरीच कमी, पण आता सीटखाली सुरू! मामा म्हणाले, "म्हणजे चाकच. पण तीन वेळा बॅलन्स केलंय रे. मशीनवर शून्य आलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय."

मी विचारलं, दर वेळी थरथर सारखीच होती का? मामा आठवत म्हणाले, "नाही. एकदा कमी झाली होती. एकदा तर जास्तच."

इथे माझी ट्यूब पेटली. मशीन दर वेळी शून्य सांगतंय आणि गाडी दर वेळी वेगळं. मग फरक आहे तो चाक मशीनवरून काढून गाडीवर बसवण्यात. मशीनवर चाकाच्या मधल्या भोकात शंकूसारखा कोन घालून ते बरोबर मध्यावर धरतात. गाडीवर ते काम हबची मधली उंच कड करते. बाहेरच्या अलॉयचं भोक अनेक गाड्यांना बसावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं, आणि मधली फट भरायला एक प्लॅस्टिकची कडी लागते. चाक काढून बघितलं, कडी नव्हतीच. चारही चाकांना नव्हती. जो नट आधी आवळाल त्या बाजूला चाक सरकणार.

परत गणित. टायरसकट 17 किलोचं चाक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलं, तर ते कडेला सुमारे 45 ग्रॅम वजन चिकटवल्यासारखं होतं. अर्धा मिलिमीटर! आणि मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला जे चाक दिलं होतं ते खरंच तोलात होतं.

पण माझ्या पोटात गोळा आला तो पुढच्या गोष्टीने. अलॉय बदलले तरी नट जुन्या लोखंडी चाकाचेच होते. त्यांचा उतार अलॉयच्या भोकाला नीट टेकतच नव्हता. मागच्या एका चाकाचे दोन नट पान्याला जवळजवळ हातानेच फिरले. त्या चाकावर मामा-मामी नागपूरला जाऊन आले होते. मामा काही बोलले नाहीत. खाली बसून त्यांनी उरलेले नट एकेक करून तपासले.

पुण्यातून मापाच्या कड्या आणि अलॉयचे नट आणले. खर्च बदललेल्या एका शॉकअपपेक्षाही कमी. बसवताना चाक जॅकवर उचललेलं ठेवून नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, आणि शेवटी टॉर्क पान्याने पक्के केले. दुसऱ्या शनिवारी परत पहाटे साडेचारला चाकण, तळेगाव, उर्से. शंभरला मामांनी स्टिअरिंगवर फक्त दोन बोटं ठेवली होती.

मामींना फोन केला तर त्या म्हणाल्या, "झालं ना? मग येताना चाकणहून कांदे घेऊन या."