आइनहेरियार : ओदिनच्या सैन्यातले मृत

युद्धात पडलेल्या सैनिकाला आपली मराठी वर्तमानपत्रे कधी 'शहीद' म्हणतात, कधी 'हुतात्मा'. पहिल्या शब्दात साक्ष आहे, दुसऱ्यात आहुती. उत्तर युरोपातील प्राचीन नॉर्स भाषेत अशा मृतांसाठी 'आइनहेरियार' हा शब्द होता. 'आइन' म्हणजे एक, 'हेर' म्हणजे सैन्य. काही अभ्यासक त्याचा अर्थ 'एकट्याने लढणारे' असा करतात, तर काही 'एकाच सैन्यातले' असा. कोणताही अर्थ घेतला, तरी हाती लागते ते सैन्यच. त्या सैन्याचा धनी ओदिन हा देव.

रणांगणावर कोण पडणार हे वाल्किरी ठरवीत. या शब्दाचा अर्थच मुळी 'मृतांची निवड करणारी'. निवडलेल्यांपैकी निम्मे फ्रेया देवीकडे, निम्मे ओदिनच्या वाल्हाला या महालात. तिथे ते दिवसभर आपसात लढत आणि मग मेजवानीला बसत. (रोज शिजूनही पुन्हा जिवंत होणारे रानडुक्कर हा त्यांचा मुख्य पदार्थ, आपल्याला हेवा वाटण्याचे कारण नाही!)

पण ही बडदास्त कशासाठी? इ.स. ९५४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मारल्या गेलेल्या एरिक राजावरच्या शोकगीतात ओदिनलाच विचारले आहे : तो एवढा शूर, तर त्याला विजय का दिला नाहीस? उत्तराचा आशय असा, की करडा लांडगा देवांच्या घरावर डोळा ठेवून आहे. म्हणजे ही भरती होती. शेवटच्या युद्धासाठी ओदिनला माणसे हवी होती, आणि त्या युद्धातही लांडगा त्याला गिळणारच होता. मेलेला न्यायासाठी लढला की लुटीसाठी, हा प्रश्नच नव्हता.

आजाराने वा म्हातारपणाने मरणारे मात्र हेलच्या पाताळात जात, असे स्नोरी स्टुर्लुसन सांगतो. बुखारी शरीफमधील हदीसप्रमाणे प्लेगने, पोटाच्या विकाराने, बुडून किंवा ढिगाऱ्याखाली सापडून मेलेलाही शहीदच. दोन शब्दांतले अंतर इथे नेमके दिसते.

तरी एक सावधगिरी हवी. स्नोरीने लिहिले इ.स. १२२० च्या सुमारास. आइसलँड ख्रिस्ती होऊन तेव्हा दोन शतके लोटली होती. त्याच्या तीनशे वर्षे आधी, इ.स. ९२२ मध्ये, बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने व्होल्गाकाठी रूस लोकांच्या सरदाराचा नौकेवरील अंत्यविधी स्वतः पाहिला. सरदाराबरोबर मारली जाणारी दासी मरणापूर्वी म्हणाली, की हिरव्यागार सुंदर जन्नतमध्ये मालक बसला आहे आणि मला बोलावतो आहे. तिच्या बोलण्यात लांडगा नाही, युद्धही नाही.