महाराष्ट्रातील गर्भपात कायद्यासंबंधीची न्यायालयीन आव्हाने

महाराष्ट्रातील गर्भपात कायद्यासंबंधीची न्यायालयीन आव्हाने म्हणजे वैद्यकीय गर्भपात कायदा, १९७१ मधील कालमर्यादा व अटींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली प्रकरणे होत. २००८ मधील डॉ. निखिल दातार वि. भारत संघ हे त्यांतील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण होय. या प्रकरणांतील निकालांचा परिणाम मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरता मर्यादित नसून जुन्नर व आंबेगावसारख्या ग्रामीण आणि आदिवासीबहुल तालुक्यांतील स्त्रियांवरही होतो.

घटनात्मक चौकट

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतंत्र संविधान आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा संघीय घटनात्मक हक्क रद्द केल्यानंतर तेथील अनेक राज्यांच्या बंदी कायद्यांना त्या त्या राज्याच्या संविधानाच्या आधारे आव्हान देण्यात आले. कॅन्सस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१९ मध्येच राज्य संविधानानुसार असा हक्क मान्य केला होता.

भारतात महाराष्ट्राला वेगळे संविधान नाही. गर्भपाताविषयीचा कायदा संसदेचा असून त्याला भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ (समानता) आणि अनुच्छेद २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) यांच्या आधारे आव्हान दिले जाते. त्यासाठी अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करता येते.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात विधवांच्या गर्भधारणेचा प्रश्न महाराष्ट्रात तीव्र होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचविण्याच्या हेतूने सद्भावपूर्वक केलेला गर्भपात वगळता इतर सर्व गर्भपात गुन्हा होता व गर्भपात करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र होती. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे. म्हणजेच गर्भपात आजही मुळात गुन्हा असून १९७१ चा कायदा हा त्याला दिलेला अपवाद आहे.

केंद्र सरकारने १९६४ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतीलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून संसदेने १९७१ मध्ये कायदा केला व तो १ एप्रिल १९७२ रोजी अमलात आला. १२ आठवड्यांपर्यंत एका आणि १२ ते २० आठवड्यांदरम्यान दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतानुसार गर्भपात करता येत असे. त्यानंतर केवळ स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असल्यास कलम ५ नुसार मुभा होती. पुढील बहुतेक याचिका याच २० आठवड्यांच्या मर्यादेभोवती फिरतात.

प्रमुख प्रकरणे

दातार प्रकरण (२००८) : मुंबईतील एका दांपत्याला गर्भधारणेच्या २४ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे समजले. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. गर्भातील गंभीर व्यंग हे कारण कलम ५ मध्येही समाविष्ट आहे असे वाचावे, ही त्यांची मागणी होती. न्यायमूर्ती आर. एम. एस. खांडेपारकर व न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने ४ ऑगस्ट २००८ रोजी याचिका फेटाळली. कायद्यात नसलेली तरतूद न्यायालय निर्माण करू शकत नाही, असे खंडपीठाचे मत होते. काही दिवसांतच त्या स्त्रीचा नैसर्गिक गर्भपात झाला. याचिका अपयशी ठरली, तरी कालमर्यादेच्या प्रश्नावर देशभर चर्चा सुरू झाली.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका : सुचिता श्रीवास्तव वि. चंडीगड प्रशासन (२००९) या निकालाने प्रजननविषयक निर्णयस्वातंत्र्य हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले. त्याच आधारावर जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतील एका स्त्रीला २४ व्या आठवड्यात गर्भपाताची परवानगी मिळाली. गर्भाच्या कवटीची वाढ झालेली नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये लैंगिक अत्याचारातून गर्भवती झालेल्या मुंबईतील १३ वर्षांच्या मुलीला गर्भावस्था बरीच पुढे गेलेली असतानाही परवानगी देण्यात आली.

स्वाधिकार याचिका (२०१६) : कारागृहातील गर्भवती कैद्यांच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती व्ही. के. ताहिलरामानी व न्यायमूर्ती मृदुला भाटकर यांनी सप्टेंबर २०१६ च्या निकालात, गर्भ स्त्रीच्या शरीरात वाढत असल्याने तो ठेवावा की नाही हा निर्णय तिचाच असल्याचे म्हटले. गर्भनिरोधक अयशस्वी ठरल्याच्या तरतुदीचा लाभ केवळ विवाहित स्त्रियांपुरता मर्यादित नसावा, असेही मत त्यांनी नोंदविले.

एप्रिल २०१९ चा निकाल : न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले, की स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी तातडीने गर्भपात आवश्यक असल्यास २० आठवड्यांनंतरही डॉक्टरांना न्यायालयाची परवानगी लागत नाही. अन्य कारणांसाठी मात्र ती घ्यावी लागेल.

२०२१ ची दुरुस्ती व नंतरचा काळ

२४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे मानले. लैंगिक अत्याचारग्रस्त, अल्पवयीन, अपंग, गर्भावस्थेत विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया अशा विशिष्ट गटांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मर्यादा २४ आठवडे झाली. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निदानानंतर कालमर्यादा लागू होत नाही. दातार प्रकरणातील मागणी अशा रीतीने तेरा वर्षांनी कायद्यात आली.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांच्या मर्यादेचा लाभ दिला. जानेवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल व न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांच्या खंडपीठाने वैद्यकीय मंडळाचे प्रतिकूल मत असतानाही ३२ आठवड्यांहून अधिक काळाच्या गर्भावस्थेत परवानगी दिली. निवडीचा हक्क मंडळाचा नसून स्त्रीचा आहे, असे या निकालाचे सूत्र होते.

सर्वच निकाल एका दिशेने गेलेले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांची गर्भवती असलेल्या विवाहित स्त्रीला परवानगी नाकारली. महाराष्ट्रातील १४ वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नकार दिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२४ रोजी परवानगी दिली. परंतु पालकांनी निर्णय बदलल्याने २९ एप्रिल रोजी तो आदेश मागे घेतला. गर्भवती व्यक्तीची संमती सर्वोपरी असल्याचे या निकालात नमूद आहे.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील संदर्भ

जुन्नर व आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुके असून त्यांच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगाव येथे आहे. शासकीय रुग्णालयांत कायद्यानुसार गर्भपात करता येतो; खासगी रुग्णालयाला जिल्हास्तरीय समितीची मान्यता लागते.

कालमर्यादा उलटल्यास मात्र प्रश्न अंतराचा होतो. पुणे जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाच्या अखत्यारीत येत असल्याने डिंभे किंवा भीमाशंकर परिसरातील स्त्रीलाही याचिका मुंबईतच दाखल करावी लागते. सोनोग्राफीला उशीर, गर्भावस्था लपविण्याचा दबाव आणि प्रवासात जाणारे दिवस यांमुळे मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका वाढतो. येथे प्रत्येक आठवडा निर्णायक असतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना व अनुसूचित जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी साहाय्य मिळते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी पतीची किंवा सासरची संमती कायद्याने आवश्यक नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पालकाची लेखी संमती लागते. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण कायद्यानुसार डॉक्टरांनी पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. परंतु २०२२ च्या निकालानुसार मुलीने व पालकाने विनंती केल्यास तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

लिंगनिदान बंदीशी संबंध

गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्याच्या अंमलबजावणीसाठी सेहत व पुणे जिल्ह्यात काम करणारी मासूम या संस्थांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा कायदा घटनात्मकदृष्ट्या वैध ठरविला. गर्भपात कायदा आणि लिंगनिदान बंदी हे स्वतंत्र कायदे आहेत. गर्भाचे लिंग जाणून केलेली निवड बेकायदेशीर असली, तरी कायदेशीर अटींत बसणारा गर्भपात त्यामुळे बेकायदेशीर ठरत नाही.

हे सुद्धा पहा

- भारतीय संविधानातील मूलभूत हक्क
- मुंबई उच्च न्यायालय
- बालहत्या प्रतिबंधक गृह
- जुन्नर तालुका
- आंबेगाव तालुका